पंचेचाळिशीच्या आतलं मूत्रपिंड

डायलिसिसवरच्या रुग्णांना कोविडची लस टोचण्याचा सगळा खटाटोप वाया गेला, असं म्हणणारी माणसं अलीकडे मला वारंवार भेटतात. ती अडाणी नाहीत. त्यांत बँकेतून निवृत्त झालेले आहेत, शिक्षक आहेत, एखाद-दुसरा डॉक्टरही आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं असतं : ज्यांची मूत्रपिंडं निकामी झाली त्यांच्या अंगात लशीने अँटीबॉडी तयारच होत नाहीत. शिवाय आधीच खंगलेल्या देहावर लशीचा ताण, वर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका. आणि सरकारने वयाची जी अट घातली होती ती शास्त्राला धरूनच होती, तेव्हा ज्यांना लस उशिरा मिळाली त्यांनी कुरकुर करण्याचं कारण नाही. या सगळ्यातून शेवटी एकच निष्कर्ष निघतो, की पुन्हा कधी अशी साथ आली तर या रुग्णांची वेगळी काळजी करायला नको. हा निष्कर्ष मला घातक वाटतो. तो ज्या विधानांवर उभा आहे त्यांतलं एकही तपासाला टिकत नाही, म्हणून हा प्रतिवाद.

आधी अँटीबॉडीचं. मूत्रपिंडं बंद पडली की रक्तात साचणारी घाण प्रतिकारशक्तीलाही दुबळी करते. लस टोचल्यावर ज्या पेशींनी जागं होऊन कामाला लागायचं, त्या मंदावलेल्या असतात. त्यामुळे लशीला मिळणारा प्रतिसाद कमी असतो, हे खरं आहे. पण ही गोष्ट काही कोविडने शिकवलेली नाही. डायलिसिसच्या प्रत्येक विभागात ती कित्येक वर्षांपासून माहीत आहे, कारण तिथे हेपॅटायटिस-बीची लस रोजच्या कामाचा भाग आहे. डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर येतं, यंत्रातून फिरतं आणि परत जातं. त्यामुळे हेपॅटायटिस-बीचा धोका तिथे कायमचाच. आता ही लस धडधाकट प्रौढ माणसाला २० मायक्रोग्रॅमची, तीन वेळा दिली की बहुधा काम भागतं. डायलिसिसच्या रुग्णाला तीच लस दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅमची देतात, आणि तीन नव्हे तर चार वेळा : सुरुवातीला, मग पहिल्या, दुसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. तेवढ्यावर सोडून देत नाहीत. रक्त तपासून अँटीबॉडी किती आल्या ते पाहतात, दरवर्षी पुन्हा पाहतात, आणि आकडा १० च्या खाली गेला की बूस्टर देतात.

म्हणजे प्रतिसाद कमी असतो हे कळल्यावर वैद्यकाने लस बंद केली नाही. जास्त दिली, लवकर दिली, वारंवार दिली आणि मोजून पाहिली. ज्या पायरीवरून डॉक्टर पुढे चढले त्याच पायरीवरून आपले हे मित्र मागे फिरतात. कमी प्रतिसाद हे लस नाकारण्याचं कारण ठरलं असतं, तर आज देशातल्या डायलिसिस विभागांत हेपॅटायटिस-बीने हाहाकार माजवला असता.

आता कोविडच्या लशीचंच पाहू. तेल अवीवमधल्या डॉक्टरांनी २०२१ च्या सुरुवातीला डायलिसिसवरच्या ५६ रुग्णांची, फायझरच्या दोन डोसांनंतर, तपासणी केली. त्यांच्यापैकी ९६ टक्क्यांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्या. तुलनेला घेतलेल्या निरोगी माणसांपेक्षा त्यांचं प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं, पण होतं. तयारच होत नाहीत, हे विधान इथेच संपतं. याहून मोलाचं काम कॅनडातल्या ओन्टारिओ प्रांतात झालं. तिथे तेरा हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, आणि पाहिलं ते रक्तातल्या आकड्याकडे नव्हे, तर कोण इस्पितळात गेलं आणि कोण दगावलं याकडे. दोन डोस झालेल्यांत गंभीर आजाराचा आणि मृत्यूचा धोका लस न घेतलेल्यांच्या मानाने ८३ टक्क्यांनी कमी निघाला. संसर्ग होण्याचा धोकाही ६९ टक्क्यांनी घटला.

यावर एक रास्त आक्षेप आहे. ओन्टारिओत मुख्यतः फायझर आणि मॉडर्ना यांच्या लशी दिल्या गेल्या, आपल्याकडे कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन. लंडनमधल्या अभ्यासांत डायलिसिसच्या रुग्णांना कोविशील्डच्या जातीच्या लशीने फायझरपेक्षा कमी अँटीबॉडी दिल्या, हेही दिसलं आहे. हा आक्षेप मी टाळत नाही, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. हातातली लस थोडी कमी जोराची असेल, तर तिचे डोस अधिक वेळेवर आणि अधिक संख्येने मिळायला हवे होते. मिळाले का, याचा हिशेब पुढे येतोच.

भीतीच्या मुद्द्यावर फार रेंगाळायचं नाही, पण भीती कुठून आली ते सांगायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये, लसीकरण सुरू होऊन दोनच दिवस झाले असताना, भारत बायोटेकने कोव्हॅक्सिनचं माहितीपत्रक काढलं. ताप असलेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ही लस घेऊ नये, असं त्यात म्हटलं होतं. डायलिसिसच्या रुग्णाला दर खेपेला हेपारिन देतात, म्हणजे रक्त पातळ होतंच. प्रतिकारशक्ती तर कमी असतेच. त्याने तो कागद वाचला आणि घरी बसला. दीड महिन्यात केंद्र सरकारच्या यादीत डायलिसिसच्या रुग्णांचं नाव झळकलं, पण आधी वाचलेला कागद मनातून पुसायला कुणी आलं नाही. खरं तर दोन्ही लशींत जिवंत, वाढू शकणारा विषाणू नाही. त्यामुळे लशीनेच कोविड होण्याचा प्रश्न येत नाही. हेपारिनवर उपाय साधा आहे. डायलिसिस नसलेल्या दिवशी किंवा हेपारिन सुरू होण्याआधी लस घ्यायची, बारीक सुई वापरायची, टोचलेली जागा थोडा वेळ दाबून धरायची आणि डायलिसिसच्या सुया जिथे घालतात त्या फिस्टुलाच्या हाताला कुणाला हात लावू द्यायचा नाही. फिस्टुलाचा हात राखायला या रुग्णांना शिकवावं लागत नाही. त्या हाताचं ब्लडप्रेशरसुद्धा ते घेऊ देत नाहीत.

गुठळ्यांची गोष्ट एप्रिल २०२४ च्या शेवटी पुन्हा उसळली. अॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात दिलेल्या कागदांत, आपल्या लशीने अतिशय क्वचित गुठळ्यांचा एक विशिष्ट आजार होऊ शकतो असं म्हटल्याची बातमी आली, आणि तीन वर्षांपूर्वी कोविशील्ड घेतलेली माणसं रक्त तपासायला धावली. तो आजार खरा आहे, आणि ज्यांच्या घरात त्याने माणूस नेला त्यांच्या दुःखाला मी आकड्यांनी उत्तर देणार नाही. पण तो होतो तो लस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. तीन वर्षांनी नाही. आणि तो लपवलेला नव्हता. मे २०२१ मध्येच आपल्या राष्ट्रीय समितीने ४९८ गंभीर घटनांची छाननी करून २६ घटना गुठळ्यांच्या असू शकतात असं जाहीर केलं होतं. दर दहा लाख डोसांमागे ०.६१. त्याच्या दुसऱ्या पारड्यात काय होतं तेही मांडायला हवं. युरोपातल्या पहिल्या लाटेच्या नोंदींत कोविड झालेल्या डायलिसिस रुग्णांपैकी सुमारे पाचांतला एक दगावला. दहा लाखांत एकही नाही आणि पाचांत एक, या दोहोंत निवड करायची होती. ज्यांनी लस घेतली त्यांनी डोळे मिटून घेतली नाही.

आता वयाची अट. माझं खरं भांडण इथे आहे.

मी म्हैसूरला हिनकलमध्ये राहते. हुणसूर रस्त्यावरचं हे एकेकाळचं गाव. आता रिंग रोड आणि उड्डाणपूल झाल्यापासून शहर कुठे संपतं आणि हिनकल कुठे सुरू होतं ते कळत नाही. पलीकडे हूटगळ्ळीचे कारखाने. त्यांतल्या एकात माझा मावसभाऊ टर्नर होता. उच्च रक्तदाबाने त्याची मूत्रपिंडं गेली आणि तो डायलिसिसवर आला तेव्हा पस्तिशीतला होता. परदेशांत डायलिसिसच्या खुर्चीवर बहुतेक म्हातारी माणसं दिसतात. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे मधुमेह आणि रक्तदाब लवकर गाठतात, तपासणी उशिरा होते, आणि कमावत्या वयाचा माणूस आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास मशीनला जोडला जातो.

ते चार तास कसे असतात ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आल्याबरोबर वजन. गेल्या खेपेपासून अंगात किती पाणी साचलं ते त्यावरून ठरतं. मग मनगटाच्या वर, कोपराच्या खाली, दोरखंडासारख्या फुगलेल्या शिरेवर टेक्निशियन बोटं ठेवून थरथर लागते का ते बघते आणि दोन जाड सुया घालते. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. चार तासांत सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी त्या रक्ताच्या शेजारून वाहून जातं, आणि ज्याच्यासाठी ते वाहतं त्याला दिवसाला जेमतेम लिटरभर पिण्याची मुभा. शेजारची खुर्ची हाताच्या अंतरावर. खोली बंद, वातानुकूलित. एक शिफ्ट उठली की दुसरी बसते. २०२० आणि २०२१ मध्ये सगळा देश घरात बसला होता, तेव्हा ही माणसं आठवड्यातून तीनदा त्या खोलीत जात होती. न जाण्याची सोय नव्हती. काही खेपा चुकल्या की फुफ्फुसात पाणी भरतं, पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर देशातल्या १९ रुग्णालयांतल्या अडीच हजारांवर रुग्णांची पाहणी झाली. त्यांपैकी २८ टक्क्यांचा एक तरी डायलिसिस चुकला होता आणि शंभरावर रुग्ण यायचेच बंद झाले होते. मुंबईत तर पॉझिटिव्ह आलेल्या डायलिसिस रुग्णाला यंत्र मिळेना, तेव्हा तिथल्या नेफ्रॉलॉजिस्टांनी महापालिकेच्या मदतीने शहरभरची मोकळी यंत्रं एका ठिकाणी दिसतील अशी व्यवस्था उभी केली. घरात राहा, अंतर ठेवा, हा उपदेश ज्यांना पाळताच येत नव्हता त्यांच्याजवळ स्वतःला वाचवायचं एकच साधन उरत होतं. ते म्हणजे लस.

१ मार्च २०२१ रोजी केंद्राने साठीच्या पुढच्यांना आणि ४५ ते ५९ वयातल्या आजारी लोकांना लस खुली केली. त्यासाठी २० आजारांची यादी निघाली. डायलिसिसवरचा मूत्रपिंडविकार त्या यादीत होता. डॉक्टरचं प्रमाणपत्र दाखवायचं आणि लस घ्यायची. माझा भाऊ तेव्हा ३८ वर्षांचा होता. नेफ्रॉलॉजिस्टने दिलेलं पत्र घेऊन तो केंद्रावर गेला. तिथल्या अक्कांनी संगणकात जन्मसाल घातलं आणि पुढचं पान उघडेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, कुणाला तरी फोन केला, मग त्याचं पत्र नीट घडी घालून परत दिलं. त्यांचा काही दोष नव्हता. बाहेर येऊन त्याने मला फोन केला आणि म्हणाला, ‘‘ताई, माझं वय कमी पडलं म्हणे.’’

सरकारने डायलिसिसला गंभीर आजार मानलं नसतं, तर एक वेळ मी गप्प बसले असते. त्यांनी मानलं. ४६ वर्षांच्या रुग्णाच्या बाबतीत मानलं आणि ३८ वर्षांच्या बाबतीत मानलं नाही. दोघं एकाच खोलीत, एकाच शिफ्टला, शेजारच्या खुर्च्यांवर बसत होते. कोविडचे मृत्यू म्हाताऱ्यांत जास्त होतात, म्हणून वयाची अट, असं उत्तर मिळतं. सबंध लोकसंख्येला धरून ते बरोबरच आहे. पण इंग्लंडमधल्या लक्षावधी नोंदींच्या अभ्यासात वय आणि इतर आजार हिशेबात घेऊनही डायलिसिसच्या रुग्णाला कोविडने मरण्याचा धोका साडेतीन पटींहून अधिक निघाला होता. वय वजा केल्यावरही उरणारा धोका जिथे एवढा आहे, तिथे वयाचीच चाळणी लावण्यात कसलं शास्त्र?

लस कमी होती, हे पुढचं उत्तर. मग हिशेब करू. भारतात कायमच्या डायलिसिसवर असलेल्यांची संख्या २०१८ च्या सुमाराला पावणेदोन लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज होता. त्या सगळ्यांना, वय न पाहता, दोन-दोन डोस द्यायचे म्हटले तरी साडेतीन लाख डोस. ५ एप्रिल २०२१ या एका दिवशी देशात ४३ लाख डोस दिले गेले. म्हणजे त्या एका दिवसाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी साठ्यात भारतातल्या प्रत्येक डायलिसिस रुग्णाचं लसीकरण पुरं झालं असतं. पंचेचाळिशीच्या आतल्यांपुरतं बोलायचं तर त्याहूनही कमी.

त्याच ५ एप्रिलला महाराष्ट्राचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून २५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस द्यावी अशी मागणी केली. दुसऱ्या दिवशी केंद्राचे आरोग्य सचिव राजेश भूषण यांनी भूमिका मांडली, की लस ज्यांना हवी त्यांना नव्हे, तर ज्यांना गरज आहे त्यांना द्यायची. मी ते वाक्य ऐकलं आणि मला ते पटलं. आजही पटतं. पण त्या दिवशी ज्याला गरज होती तो हुणसूर रस्त्याने रिक्षात बसून डायलिसिसला जात होता आणि त्याच्या खिशात घडी घातलेलं पत्र होतं. तत्त्व योग्य होतं. जे तत्त्व सांगितलं त्याच्याशी यादी इमान राखून नव्हती.

बाहेर काय चाललं होतं तेही पाहण्यासारखं आहे. ब्रिटनने मूत्रपिंडविकाराच्या पाचव्या टप्प्यातल्या आणि डायलिसिसवरच्या प्रौढ रुग्णांना अतिधोक्याच्या गटात घातलं आणि तो गट सत्तरीच्या पुढच्यांच्या बरोबरीने चौथ्या क्रमांकावर ठेवला. १५ फेब्रुवारी २०२१ पर्यंत पहिल्या चार गटांना पहिला डोस देऊ करायचं त्यांचं उद्दिष्ट होतं. तिथला पंचविशीतला डायलिसिस रुग्ण ६५ वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या माणसाच्या आधी रांगेत होता. अमेरिकेने मार्चच्या शेवटी लस थेट डायलिसिस केंद्रांना पुरवायला सुरुवात केली, कारण रुग्ण तिथे ठरलेल्या दिवशी येतोच, नर्स तिथे असतेच, आणि लस घेतल्यावर निरीक्षणाखाली बसवून ठेवायचं तर तो चार तास बसलेलाच असतो. याहून सोयीचं लसीकरण केंद्र कुठे मिळेल? आपल्याकडे ११ एप्रिलपासून कामाच्या ठिकाणी जाऊन लस द्यायला सुरुवात झाली. साधारण शंभर पात्र माणसं असतील अशा कारखान्यांत आणि कचेऱ्यांत. चांगला निर्णय होता. हूटगळ्ळीच्या शेडमध्ये लस पोचू शकते, तर डायलिसिस विभागात का पोचू नये? काही मोठ्या खासगी इस्पितळांत लसीकरण केंद्र आणि डायलिसिस एकाच इमारतीत होतं आणि तिथल्या डॉक्टरांनी पात्र रुग्णांना स्वतः हाताला धरून खाली नेलं. ती त्यांची माणुसकी. धोरणात तिला जागा नव्हती.

१ मे रोजी वयाची अट सुटली, पण तेव्हा देशात दुसऱ्या लाटेचा कहर होता. २ आणि ३ मेच्या दरम्यानच्या रात्री आमच्या शेजारच्या चामराजनगर जिल्हा रुग्णालयात ऑक्सिजनअभावी २४ माणसं गेली. १८ ते ४४ साठी नोंदणी फक्त ऑनलाइन, वेळा उघडायच्या आणि मिनिटांत संपायच्या. डायलिसिसवरचा रुग्ण आणि कॉलेजातला धडधाकट मुलगा आता एकाच रांगेत, आणि त्या रांगेत ज्याची बोटं चपळ त्याचा नंबर. दोन आठवडे होतात न होतात तोच साठा नाही म्हणून कर्नाटकाने या वयोगटाचं लसीकरण थांबवलं, महाराष्ट्रानेही थांबवलं. १३ मे रोजी कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. धडधाकट माणसाला लांबलेलं अंतर मानवतं, उलट त्याचा प्रतिसाद सुधारतो. ज्याच्या अंगी पहिल्या डोसाने फारसं काही तयारच होत नाही त्याला मात्र ते तीन महिने जवळजवळ उघड्यावर काढावे लागतात. ब्रिटननेही अंतर वाढवलं होतं, हे मला ठाऊक आहे. पण तिथल्या रुग्णाचा पहिला डोस फेब्रुवारीत झाला होता.

आणि अपवाद करता येत नव्हता असं कुणी म्हणू नये. ७ जून रोजी केंद्राने अपवाद केला. परदेशी शिकायला जाणारे विद्यार्थी, नोकरीसाठी जाणारे आणि टोकियो ऑलिम्पिकला जाणारे खेळाडू यांना ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेता येईल, असा आदेश निघाला. मुलांनी शिकावं, खेळाडूंनी खेळावं, माझं काही म्हणणं नाही. पण विमानाचं तिकीट दाखवून जे मिळत होतं ते डायलिसिसचं कार्ड दाखवून मिळत नव्हतं, आणि याला शास्त्र म्हणायला मी तयार नाही.

माझ्या भावाला पहिला डोस जूनमध्ये मिळाला, दुसरा सप्टेंबरात. मधल्या काळात त्याच्या शिफ्टमधल्या दोन खुर्च्यांवर नवी माणसं आली होती. त्याला कोविड झाला नाही. त्याबद्दल मी देवाचे आभार मानते, नियमाचे नाही.

पुढे जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनची लाट आली आणि तीच चूक पुन्हा झाली. तिसरा डोस १० जानेवारीपासून आरोग्य कर्मचाऱ्यांना, आघाडीच्या कर्मचाऱ्यांना आणि साठीच्या पुढच्या आजारी लोकांना, तोही दुसऱ्या डोसानंतर ३९ आठवड्यांनी. फ्रान्सने प्रतिकारशक्ती फार दुबळी असलेल्यांना तिसरा डोस एप्रिल २०२१ मध्येच सांगितला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये अशा लोकांसाठी वाढीव डोसाची शिफारस केली होती. आपल्याकडे साठीच्या आतल्या डायलिसिस रुग्णाचं नाव कुठेच आलं नाही. १० एप्रिल २०२२ पासून १८ वर्षांवरच्यांना तो डोस खासगी केंद्रात विकत घेता आला, सव्वादोनशे रुपये आणि वर दीडशेपर्यंत सेवाशुल्क देऊन. ज्या घराची निम्मी मिळकत डायलिसिसच्या येण्याजाण्यात आणि इंजेक्शनांत जाते, त्या घराला ही रक्कम लहान नसते. तरीही ३९ आठवड्यांची अट होतीच. सप्टेंबरात दुसरा डोस झालेल्याची पाळी जूनमध्ये यायची. तोवर ती लाट येऊन ओसरूनही गेली होती. जुलैत अंतर सहा महिन्यांवर आलं आणि १५ जुलैपासून ७५ दिवस डोस फुकट मिळाला. निर्णय योग्य होते, फक्त ज्या माणसांना त्यांची सर्वांत जास्त निकड होती त्यांच्यासाठी ते वेळेवर झाले नाहीत.

म्हणून डायलिसिसच्या रुग्णांना लस देणं वाया गेलं, या वाक्याची मला चीड येते. जे उशिरा दिलं, अपुरं दिलं, ज्याचा परिणाम मोजलाही नाही, त्याला वाया गेलं म्हणून मोकळं व्हायचं, आणि मग त्याच्याच आधारावर पुढच्या वेळी आणखी कमी द्यायचं. हे चक्र इथेच तोडायला हवं. पुढच्या साथीची यादी आजच लिहून ठेवता येईल. कायमच्या डायलिसिसवर असलेला प्रत्येक रुग्ण, वय कितीही असो, पहिल्या टप्प्यात. लस डायलिसिस विभागातच, तिथल्याच नर्सच्या हातून. डोसांची संख्या आणि अंतर सबंध देशासाठी ठरेल ते ठरो, या रुग्णांसाठी वेगळं, आणि अँटीबॉडीची तपासणी हेपॅटायटिस-बीला करतात तशी. राज्याच्या आरोग्य खात्याकडे रुग्णांच्या नोंदी आहेतच, कारण सरकारी योजनांतून होणाऱ्या प्रत्येक डायलिसिसचं बिल त्यांच्याकडे जातं. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिस होतं, कर्नाटकात सरकारी रुग्णालयांतून होतं. नावं शोधत हिंडायची गरज नाही.

कोविड संपला, आता हा विषय कशाला उकरता, असं विचारणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. फ्लूची लस दरवर्षी येते. न्यूमोनियाची लस आहे. हेपॅटायटिस-बीची तर आहेच. या तिन्ही डायलिसिसच्या रुग्णाला द्यायच्या असतात, आणि कितीतरी ठिकाणी हेपॅटायटिस-बीचे चार डोस पूर्ण होत नाहीत किंवा नंतरची तपासणी राहून जाते. तुमच्या घरात कुणी डायलिसिसवर असेल तर पुढच्या खेपेला फाइल मागून घ्या. चारही डोसांच्या तारखा त्यात आहेत का ते पाहा. त्याखाली अँटीबॉडीचा आकडा आहे का, तो कोणत्या सालचा आहे, आणि १० च्या वर आहे की खाली, ते पाहा. खाली असेल किंवा आकडाच नसेल, तर पुढची तपासणी आणि पुढचा डोस कोणत्या तारखेला, हे त्याच दिवशी नेफ्रॉलॉजिस्टकडून फाइलवर लिहून घ्या.